कावड कुणासाठी? : गोडसेभटजींचा 'माझा प्रवास' लष्करात बसून वाचताना

नया बाजारात आमचं घर आहे, मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत. उत्तरेचा सावन लागला की रविवारच्या रात्री सोरोंहून गंगाजल घेऊन येणारी पोरं अचलेश्वराकडे निघतात. भगवे बनियन, सुजलेले पाय, मागे छोट्या गाडीवर कर्णा. आमच्या मराठी घरात तोवर आषाढच चालू असतो. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून आपला श्रावण पंधरा दिवस मागून येतो. लहानपणी मला वाटायचं, आमचा महादेव उशिरा उठतो.

या वर्षी ती पोरं जात होती तेव्हा माझ्या टेबलावर विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' उघडा होता. मंडळासाठी ग्वाल्हेर आणि 1857 या विषयाची साधनसूची करायचं काम माझ्याकडे आहे. त्यासाठी हे पुस्तक मी तिसऱ्यांदा वाचत होतो. पहिल्या दोन वाचनांत मी काय केलं होतं ते आधी कबूल करतो, कारण पुढची सगळी टीका मुळात माझ्यावरच आहे.

मी इंजिनिअर माणूस. चोवीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, इतिहास नंतर आला, तोही कुणी न शिकवता. त्यामुळे पुस्तक हातात आलं की मी आधी तक्ता करतो: तारीख, ठिकाण, घटना, पाहिलेली की ऐकलेली. 'माझा प्रवास'चाही केला होता. झाशीचा वेढा, काल्पी, ग्वाल्हेर, राणीचं वर्णन, सगळं रकान्यांत बसवलं. उरलेल्या मजकुराला, म्हणजे दक्षिणा, अनुष्ठानं, स्नानं, शकुन, तीर्थं, आईबापांची आठवण, पेन्सिलीनं एकच शेरा दिला होता: 'असंबद्ध'. तिसऱ्या वेळी तो शेरा मोजला. पुस्तकाच्या निम्म्याहून जास्त पानांवर होता. ज्या पुस्तकाचा निम्म्याहून जास्त भाग असंबद्ध ठरतो, तिथं चूक पुस्तकाची की वाचणाऱ्याची, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

हे माझ्या एकट्याचं नाही. हे पुस्तक बंडाचा साक्षीदार म्हणूनच वाचलं जातं. आपल्या गावात तर बरेच जण ते अमृतलाल नागरांच्या हिंदी अनुवादातून वाचतात, आणि त्या अनुवादाचं नावच 'आँखों देखा ग़दर' आहे. म्हणजे वाचक गदर शोधायलाच येतो, भटजी आपला रस्त्यात भेटतो.

पुस्तक कसं आलं तेही थोडं सांगायला हवं. गोडसे पेणजवळच्या वरसईचे, गरीब भिक्षुक, घरावर कर्ज. प्रवास झाला तो 1857 सालापासून पुढे, लिहिलं ते जवळजवळ पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून. हेच वैद्य ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते, त्यामुळे आपल्या मंडळाचा या पुस्तकावर थोडा हक्क आहे असं मी गमतीनं म्हणतो. छापलं गेलं 1907 साली, गोडसे गेल्यानंतर. वैद्यांनी भाषा नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली संपादन केलं तेव्हा भटजींचा स्वतःचा आवाज लोकांना ऐकू आला. मी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. ज्यांना सवड असेल त्यांनी पोतदारांचीच घ्यावी.

आता माणूस निघतो कशासाठी? बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, लाखोंचा खर्च होणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल. एवढंच. देशकार्य नाही, वैराग्य नाही, मोक्षसुद्धा नाही. काकांना सोबत घेऊन तरुण विष्णुभट निघतात. महूजवळ शिपायांकडून काडतुसांची आणि होऊ घातलेल्या उठावाची कुणकुण लागते. मागं फिरावं की पुढं जावं असा प्रश्न येतो. ते पुढं जातात. उज्जैन, धार, मग आपलं ग्वाल्हेर. इथं येतात तोवर सगळा उत्तर हिंदुस्थान पेटलेला, आणि ज्या यज्ञासाठी घर सोडलं तो यज्ञ काही त्यांना घडत नाही.

इथं मी पहिल्या दोन वाचनांत सरळ पुढं गेलो होतो. या वेळी थांबलो. एखाद्या आधुनिक कादंबरीत ही जागा आली असती तर नायकानं आकाशाकडं बघून विचारलं असतं की, मग मी आलो कशाला? गोडसे असलं काही विचारत नाहीत. ते पुढचं अनुष्ठान कुठं आहे ते बघतात. मला हे आधी कोरडं वाटलं, जरा पोटभरूही वाटलं. आता तसं वाटत नाही. त्यांच्यात श्रद्धा आणि पोट यांच्यामध्ये भिंतच नाही. देवाचं नाव घेणं हा त्यांचा व्यवसाय आहे आणि दक्षिणा मोजून घेणं त्यात पाप नाही. आपण भिंत घालतो, आणि मग भिंतीच्या अलीकडचा माणूस ढोंगी आणि पलीकडचा संत अशी वाटणी करतो. भटजी दोन्हींत बसत नाहीत म्हणून आपण त्यांना भोळे म्हणून सोडून देतो.

भोळा माणूस झाशी अशी लिहू शकत नाही. वेढा, तोफा, शहर पडणं, आणि मग बिजन, म्हणजे सरसकट कत्तल. त्या दिवसांत काका-पुतणे शहरातच लपून होते. त्यानंतर लूट, तीही शिस्तीत: आधी सोनं-रुपं, मग तांबं-पितळ, मग कापड, धान्य. दक्षिणेतून साठवलेलं जे काही जवळ होतं ते गेलं. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह नष्ट झाला याचं दुःख ते जळलेल्या घरांच्या दुःखाला लागूनच सांगतात. रस्त्यात प्रेतं, घराघरांतून आक्रोश, पाणी नाही. हे सगळं एका सुरात, आवाज न चढवता. इतिहासाची पुस्तकं मी बरीच वाचली. इतकं स्थिर लिहिणारा प्रत्यक्षदर्शी क्वचित भेटतो.

आणि या पानांवर देव कुठं आहे? हे मी मुद्दाम शोधलं. नेहमीची वाक्यं आहेत, ईश्वरेच्छा, प्रारब्ध, पूर्वकर्म. पण ती येतात कुठं ते पाहण्यासारखं आहे. स्वतःचा जीव वाचला तिथं ईश्वर येतो. आपण लुटले गेलो तिथं प्रारब्ध येतं. पण दुसऱ्यांची मुलं, दुसऱ्यांचे म्हातारे मारले गेले, तिथं मला वाचताना ती वाक्यं पातळ झालेली दिसली. तिथं गोडसे बहुतेक नुसतं सांगतात. असं झालं, मग असं झालं. ज्या माणसाजवळ प्रत्येक गोष्टीला लावायला एक तयार वचन आहे, तो तिथं हात आखडता घेतो. मला संशय दिसला तो इथं, न लावलेल्या वचनात. हा माझा तर्क आहे, मी तो पुराव्यासारखा मांडत नाही. पण लिहिणारा भिक्षुक आहे हे लक्षात ठेवून ती पानं पुन्हा वाचून पाहावीत.

याच माणसाच्या पिढीतले दुसरे लोक बघा. जोतीराव फुले त्यांचे जवळजवळ समवयस्क. त्यांनी भटजींच्या धंद्यालाच हात घातला आणि पुढं सार्वजनिक सत्यधर्माची स्वतंत्र मांडणी केली. बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले आणि 1857 सालीच त्यांचं 'यमुनापर्यटन' निघालं, विधवांच्या हालांवर. आणि गोडश्यांच्याच मुलखातले, कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी. 1857 च्या पहिल्या महिन्यांत ते मुंबईत समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी हिंदू धर्माच्या बाजूनं जाहीर वाद घालत होते. म्हणजे एक विष्णू चौपाटीवर धर्म सिद्ध करत होता आणि त्याच सुमाराला दुसरा विष्णू वळकटी बांधून घाट चढत होता. आपल्याकडे श्रद्धा आणि संशय यांचा इतिहास लिहितात तो पहिल्यासारख्यांचा. वाद, पुस्तकं, सभा, धर्मांतरं. दुसऱ्याचा लिहायचा कसा हे आपल्याला नीट ठाऊक नाही, कारण त्यानं मत असं मांडलेलंच नाही.

आता ती विहीर. काल्पीच्या वाटेवर गोडश्यांना राणी पुन्हा दिसते. पठाणी वेश, धुळीनं भरलेली, तहानलेली, झाशी गेलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढं होतात. ती नको म्हणते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नये. आणि स्वतः मातीच्या भांड्यानं पाणी ओढून ओंजळीनं पिते. मग बोलते ते असं की मी विधवा बाई, माझ्या पोटाला लागणार ते किती, मला या उद्योगात पडायची गरज नव्हती, हिंदू धर्माच्या अभिमानानं पडले.

या प्रसंगावर आपल्या मंडळात दोन वर्षांपूर्वी कुणीतरी निबंध वाचला होता आणि सभागृहात बऱ्याच जणांचे डोळे ओले झाले होते. माझेही. पण टीकाकार म्हणून मला त्यात दोन गोष्टी टोचतात. एक म्हणजे ज्या घडीला राज्य, शहर, माणसं सगळं गेलंय, त्या घडीलाही कुणी कुणासाठी पाणी काढावं याचा नियम शाबूत आहे. आपण त्याला तिची थोरवी म्हणतो. असेलही. पण तहानेच्या वेळीसुद्धा जो नियम सुटत नाही त्याच नियमानं विहिरीवरून कितीकांना हाकललं, हे आठवल्याशिवाय तो प्रसंग वाचता येऊ नये. गोडश्यांना ते आठवत नाही. त्यांच्या पुस्तकात जात हवेसारखी आहे, दिसत नाही कारण श्वासात आहे.

दुसरी गोष्ट अशी की पुस्तकातला सगळ्यांत उघड संशय भटजींच्या तोंडी नाही, तो राणीच्या तोंडी आहे. धर्मासाठी केलं, आणि हाती हे आलं. ती हे कुणाला सांगते? ज्याचा धंदाच देवाची कृपा मागून देण्याचा, त्याला. आणि भटजी काय उत्तर देतात? माझ्या वाचनात तरी ते या जागी तत्त्वज्ञान सांगत नाहीत. ऐकून घेतात, पंचवीस वर्षं लक्षात ठेवतात आणि लिहून काढतात. अर्थात हा प्रसंग खराच असा घडला का, शब्द तिचे किती आणि आठवणीचे किती, हे कुणी विचारलं तर माझ्याजवळ उत्तर नाही. पण आठवणीनं रचला असेल तरी रचणारा गोडसेच, आणि मग तो संशयही त्यांचाच ठरतो. माझ्या मुद्द्याला दोन्ही चालतं.

आपल्या गावात 1857 म्हटलं की जीभ जरा जड होते. फुलबागेत समाधी आहे, 18 जूनला फुलं वाहतात, आणि त्याच वेळी आपल्यातल्या अर्ध्या घरांतले पणजोबा संस्थानचे नोकर होते, ज्या संस्थानचा राजा त्या महिन्यात आग्र्याला गेला होता. त्यामुळे ग्वाल्हेरचा मराठी माणूस हे पुस्तक वाचतो तेव्हा लढाई कुणाच्या बाजूनं हे बघत बसतो. मीही बसलो होतो. बंड हरतं, राणी जाते, आणि वाचक पुस्तक मिटतो. पण पुस्तक तिथं संपत नाही. अजून बरंच आहे. भटजी तीर्थं करत फिरतात, पुन्हा लुटले जातात, पुन्हा कुठं दोन पैसे मिळवतात. आणि शेवटी गंगेचं पाणी घेऊन कावडीनं वरसईला जातात, आईवडिलांना त्या पाण्यानं आंघोळ घालायला. घर सोडलेल्याला जवळजवळ तीन वर्षं झालेली. ज्या पैशासाठी निघाले तो हातात राहिलेला नाही.

या भागावर माझा 'असंबद्ध' सगळ्यांत ठळक होता. दोनदा अधोरेखित.

या वेळी मी हिशेब केला. सवय. गंगाकाठावर कुठूनही मोजा, वरसईपर्यंत हजार किलोमीटरच्या खाली अंतर येत नाही. दोन बाजूंना पाच-पाच लिटर धरलं तरी दहा किलो, भांडी आणि बांबू वेगळे. दिवसाला वीस किलोमीटर म्हटलं तर पन्नास दिवस, मध्ये नद्या, घाट, चोर, नुकतंच शमलेलं बंड, रस्त्यावर गोऱ्यांच्या चौक्या. कावडीला नियम असतात, ती वाटेल तिथं खाली टेकवायची नाही, पाणी विटाळू द्यायचं नाही. म्हणजे तेवढे दिवस प्रत्येक मुक्कामाला आधी पाण्याची सोय, मग स्वतःची. पाणीपुरवठ्यात आम्ही गळती मोजायचो. तिगऱ्याहून शंभर लिटर निघाले तर घरात किती पोचले. गोडश्यांच्या या योजनेत गळतीला जागाच नाही.

आणि हे पाणी देवावर घालायचं नाहीये. नया बाजारातून जाणारी पोरं महादेवावर घालतात, त्यात वाईट काही नाही. पण गोडश्यांची कावड दोन म्हाताऱ्या माणसांसाठी आहे, ज्यांना काशी घडणं शक्य नव्हतं. श्रावणबाळ आईबापांना कावडीत घालून तीर्थाला नेत होता, यांनी तीर्थ कावडीत घालून आईबापांकडे आणलं. यज्ञ झाला नाही, अनुष्ठानांनी झाशी वाचली नाही, कमाई लुटली गेली. भिक्षुकाच्या विद्येनं जे जे मिळायला हवं होतं त्यातलं काहीच मिळालं नाही. त्यानंतर या माणसानं असं एक काम धरलं ज्याचं यश दुसऱ्या कुणाच्या कृपेवर नव्हतं. पाणी भरायचं आणि पोचवायचं. पोचलं की झालं.

मला हे असं दिसलं त्याला कारण आहे, आणि ते लपवून टीका लिहिली तर ती अर्धी राहील.

आमच्या देवघरात आजीनं हरिद्वारहून आणलेली तांब्याची गंगाजळी होती. तोंड झाळलेलं. वडिलांशी माझा त्या भांड्यावरून कितीदा वाद झाला असेल. मी म्हणायचो, यात जे आहे ते साधं पाणी आहे, वर तांब्याचा अंश. ते म्हणायचे, गंगेचं पाणी नासत नाही, तुमच्या सायन्सला विचार. सायन्सला विचारलं तर उत्तर अगदी त्यांच्या विरुद्ध नव्हतं. हॅन्किन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1896 साली नोंदलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पुढं जिवाणू खाणारे विषाणू सापडले तेव्हा त्या नोंदीचा अर्थ लागला. हे मी वडिलांना कधी सांगितलं नाही. वादात समोरच्याला मुद्दा कोण देतो?

2009 साली ते घरीच गेले. शेवटच्या संध्याकाळी बोलणं बंद होतं. त्यांनी देवघराकडं हात केला. आई म्हणाली, "अरे, गंगा दे त्यांना." मी आत गेलो, स्क्रू-ड्रायव्हरनं झाळ उचकटली. आत पाणी नव्हतं. तळाशी पांढरा क्षार, वाळलेला. झाळेला केव्हाचं केसाएवढं छिद्र असावं, तीसेक वर्षांत सगळं उडून गेलं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, नळ सोडला, भांडं विसळून भरलं, तुळशीचं पान टाकलं आणि दोन चमचे त्यांच्या तोंडात घातलं. तिगऱ्याचं पाणी, क्लोरिन घातलेलं, ज्याच्या शुद्धतेची सही बऱ्याचदा मीच केलेली. त्यांनी ते गिळलं. आईनं उरलेला थेंब डोळ्यांना लावला.

मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या मतानुसार काही बिघडलं नव्हतं. पाणी ते पाणी. मग दहा वर्षं ते का टोचत राहिलं? आणि 2019 साली आईची वेळ जवळ आली तेव्हा मी गल्लीतल्या एका मुलाला, जो सावनात सोरोंला जायचा, वेगळे पैसे देऊ केले आणि म्हटलं, एक बाटली भरून आण, पण घाटावरूनच भर, वाटेत कुठून नको. त्यानं पैसे घेतले नाहीत. "अंकल, इसके पैसे थोड़ी लेते हैं," म्हणाला. आईला मी ते पाणी दिलं. देवावर माझा विश्वास तेव्हाही बसलेला नव्हता आणि आजही मी कुणी विचारलं तर नाहीच म्हणतो. आई आता नाही, म्हणून हे लिहिता येतं.

हे सांगून गोडश्यांच्या बाजूनं मला मत मागायचं नाही. उलट त्यांच्याविरुद्ध जे म्हणता येईल तेही मांडायला हवं, नाहीतर मी नुसताच विरघळलो असं होईल.

पहिली हरकत: कावडीला शेवटी आणून ठेवणं ही पंचवीस वर्षांनंतरच्या लेखणीची करामत असू शकते. म्हाताऱ्या माणसाला आपल्या आयुष्याचा शेवट गोड करून सांगावासा वाटतो, आणि समोर वैद्यांसारखा शिकलेला यजमान लिहून घ्यायला बसला आहे, मोबदलाही मिळणार आहे. मान्य. पण मग त्यांनी वरसईतलं पुढचं सगळं आयुष्यही गोड केलं असतं. तसं मला दिसलं नाही. कावड पोचते, आंघोळ होते, आणि गरिबी होती तिथंच राहते.

दुसरी हरकत जास्त जड आहे. कर्म, प्रारब्ध, ईश्वरेच्छा या शब्दांनी माणूस जगायला धीर धरतो हे खरं, पण याच शब्दांनी तो प्रश्न विचारायचं थांबवतो. झाशीत जे झालं ते कुणी केलं, का केलं, आणि त्याआधी आपल्याच लोकांनी तिथल्या इंग्रज बायका-मुलांची जी कत्तल केली तिचं काय, हे प्रश्न प्रारब्धाच्या पोत्यात घातले की पोतं सारखंच दिसतं. फुल्यांनी ते पोतं उसवलं. गोडश्यांनी खांद्यावर घेतलं. समाज पुढं जातो तो उसवणाऱ्यांमुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला शंका आहे ती एवढीच की फुल्यांना वाचताना मी गोडश्यांना मूर्ख ठरवत आलो, आणि तसं ठरवण्यासाठी फुल्यांनी मला सांगितलेलं नव्हतं. फुल्यांनीसुद्धा निर्मिक ठेवलाच होता.

तिसरी, आपल्या वैद्यांबद्दल. त्यांनी भाषा साफ केली याचा राग धरायचं कारण नाही, त्यांच्या हाताशिवाय पुस्तकच नसतं. पण 1907 च्या प्रतीत बंड ठळक होतं आणि भटजी फिका पडतो. काट-छाट करणाऱ्याची नजर माझ्या पहिल्या वाचनासारखीच असते, काय उपयोगाचं आणि काय असंबद्ध. मूळ हस्तलिखितात भटजी लांबण लावतात, स्नानसंध्येचं, जेवणाखाण्याचं, कोण कुठल्या गोत्राचं याचं. ते वाचताना कंटाळा येतो, मी खोटं सांगत नाही. दहा-पंधरा पानं मी या वेळीही उडवली. पण त्या कंटाळ्यातूनच कळतं की या माणसाचा दिवस कशानं बांधलेला होता. शहर जळून आठ दिवस झाले नाहीत आणि तो आंघोळीला नदी शोधतो आहे. श्रद्धा होती म्हणून आंघोळ केली की आंघोळ करत राहिला म्हणून माणूस म्हणून उरला, याचं उत्तर पुस्तकात नाही, आणि मला वाटतं त्यांनाही कुणी विचारलं असतं तर प्रश्न कळला नसता.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, आपल्याच मंडळातले, म्हणतात की तू इंजिनिअर असून फार हळवा झालास, पुस्तकात पुरावा बघ, भाव नको. त्यांना मी एवढंच दाखवतो की पुराव्याच्या दृष्टीनंही माझी पहिली वाचनं चुकीची होती. ज्यानं दहा किलो पाणी हजार किलोमीटर न सांडता नेलं, तो माणूस तपशील सांभाळणारा आहे. झाशीच्या लुटीचा क्रम त्याला आठवतो तो याच सवयीमुळे. म्हणजे साक्षीदार म्हणून त्याचं वजन ठरवायचं असेल तरी कावडीची पानं वाचावीच लागतात. गृहस्थ अजून पटले म्हणत नाहीत.

साधनसूचीत मी बदल केला आहे. आधी 'माझा प्रवास' ची नोंद फक्त 'लढाई व राजकारण' या भागात होती. आता ती दोन ठिकाणी आहे, दुसरी 'तीर्थयात्रा व घरगुती आचार' या भागात, जिथं आतापर्यंत आपल्याकडे दोन बाडं आणि एका देवस्थानची जमाखर्च वही एवढंच होतं. पोतदारांच्या प्रतीतली ग्वाल्हेरची पानं वैद्यांच्या प्रतीशी ताडून मी वेगळी टिपतो आहे, निम्मं काम झालं आहे. कुणाच्या घरी काशी-प्रयागच्या कावडीची, गंगापूजनाच्या खर्चाची एखादी जुनी यादी असेल तर बघावी. आमच्याकडची गंगाजळी अजून देवघरातच आहे, झाळ उघडी. ती मी भरून ठेवलेली नाही आणि मोडीतही दिलेली नाही.